भग्न हृदय म्हणजे काय, आणि तिथून पुढे कसं चालायचं: नवख्यांसाठी स्तोत्र ५१

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्यानं आलेल्या माणसाच्या कानावर पहिल्या महिन्याभरात एक प्रार्थना हमखास पडते: "प्रभू, मला भंग कर." करणारा डोळे मिटून, मनापासून बोलत असतो. नवखा मात्र बावचळतो. आयुष्यात आधीच इतकं मोडलेलं असताना देवाकडे आणखी मोडण्याचं मागणं कशाला? आणि मागितलंच, तर उद्या सकाळी उठून नेमकं करायचं काय? नव्या लोकांसोबत शनिवारी संध्याकाळी शास्त्र वाचायला बसते त्याला बारा वर्षं झाली. दर वर्षी कोणीतरी मला हे विचारतंच, बहुतेकदा बाकीचे निघून गेल्यावर, दारात चपला घालताना. उभ्या उभ्या देता येत नाही ते उत्तर इथे लिहिते आहे.

हाताशी स्तोत्र ५१ ठेवा, बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं. एकोणीस वचनांचं आहे, पाच मिनिटांत वाचून होतं. राखेच्या बुधवारी, उपवासकाळ सुरू होतो तेव्हा, कॅथलिक चर्चमध्ये आणि बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही ते वाचलं जातं. नवख्यानं पश्चात्तापावरची जाड पुस्तकं बाजूला ठेवून काही आठवडे या एकाच स्तोत्राशी बसावं, असं माझं मत आहे.

आधी शब्द

सतराव्या वचनात देवाला आवडणारं अर्पण कोणतं ते सांगितलं आहे. आपल्या मराठी शास्त्रात तिथे 'भग्न व अनुतप्त हृदय' असे शब्द आहेत. मूळ हिब्रूत पहिला शब्द 'शाबार' या धातूपासून आला आहे. मडकं फुटणं, हाड मोडणं, जहाज फुटणं, या सगळ्याला हिब्रूत तोच धातू. दुसऱ्या शब्दाचा अर्थ ठेचलेलं, चिरडलेलं. 'अनुताप' हा शब्द भाषांतरकारांना नव्यानं घडवावा लागला नाही. तुकोबांच्या अभंगांत तो आधीपासून होता. आपल्याला तो परका वाटत नाही, ही मोठी सोय आहे. फक्त ओळखीचा आहे म्हणून त्याच्यावरून घाईनं पुढे जाऊ नका.

'भग्न हृदय' हे शब्द शास्त्रात आणखीही ठिकाणी येतात. स्तोत्र ३४ मध्ये परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या जवळ असतो. स्तोत्र १४७ मध्ये तो त्यांना बरं करतो, त्यांच्या जखमांना पट्ट्या बांधतो. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकसष्टाव्या अध्यायातही हेच लोक आहेत. धातू तोच, पण या माणसांनी गुन्हा केलेला नाही. त्यांना जगानं मोडलं आहे. स्तोत्र ५१ मधला माणूस मात्र अपराधी आहे. हा फरक कळला नाही तर पुढचं सगळं चुकतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

पहिली पायरी: मोडलं कोणी?

वहीचं एक पान घ्या आणि मधोमध रेघ ओढा. डावीकडे लिहा 'माझ्यावर झालेलं', उजवीकडे 'मी केलेलं'. घाई करू नका, दोन-तीन दिवस लागू द्या. काही गोष्टी रेघेवर येतील, त्या तिथेच राहू द्यात.

डावीकडचं जे आहे त्याचा पश्चात्ताप करायचा नसतो. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण या शिकवणीचा सगळ्यांत मोठा गैरवापर इथेच होतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "देव तुला भंग करतोय, सहन कर" असं सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. सांगणारा पवित्र शास्त्र हातात धरूनच बोलत होता. ती शिकवण ख्रिस्ताची नाही. नासरेथच्या सभास्थानात येशू उभा राहिला, यशयाचं पुस्तक हातात घेतलं आणि आपण कशासाठी आलो ते त्यानं वाचून दाखवलं. लूकच्या चौथ्या अध्यायात त्या यादीत ठेचले गेलेल्यांना सोडवणं आहे. ठेचणाऱ्याच्या हाती देणं त्यात कुठेच नाही. तुमच्या घरात मारहाण होत असेल, तर पहिलं पाऊल सुरक्षित जागी जाण्याचं आणि मदत मागण्याचं. स्तोत्र नंतर वाचता येईल.

आणखी एक. महिनोन्‌महिने झोप नाही, जेवणावर वासना नाही, 'मी कशालाच लायक नाही' हा विचार पाठ सोडत नाही, तर त्याला आध्यात्मिक भग्नता म्हणून कवटाळू नका. डॉक्टरकडे जा. जीव द्यावासा वाटत असेल तर आत्ता, या क्षणी, घरातल्या कोणाला तरी सांगा, किंवा सरकारच्या टेली-मानस या सेवेला १४४१६ वर फोन करा. गोळ्या घेतल्यानं विश्वास कमी होत नाही.

पुढच्या पायऱ्या उजवीकडच्या रकान्यासाठी आहेत.

दुसरी पायरी: गोष्ट आधी, स्तोत्र नंतर

स्तोत्राच्या माथ्यावर एक ओळ असते, आणि लोक ती सोडून देतात: इस्राएलचा राजा दावीद बथशेबेपाशी गेल्यानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हाचं हे स्तोत्र. म्हणून आधी शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातले अकरावा आणि बारावा असे दोन अध्याय वाचा, मोठ्यानं.

राजे लढाईला निघतात तो ऋतू. सैन्य राब्बा शहराला वेढा घालून बसलं आहे आणि राजा यरुशलेमात घरी आहे. संध्याकाळी गच्चीवर फिरताना त्याला एक स्त्री अंघोळ करताना दिसते. ती बथशेबा, उरीयाची बायको. उरीया त्याच राजासाठी रणांगणावर लढतो आहे. राजा तिला बोलावून घेतो. ती गरोदर राहते, तेव्हा तो उरीयाला युद्धावरून बोलावतो, घरी जा म्हणतो. उरीया घरी जात नाही. माझे सोबती उघड्यावर पडलेले असताना मी घरी जाऊन कसा झोपू, असं तो म्हणतो. मग दावीद सेनापती यवाबाला पत्र लिहितो: याला लढाईच्या तोंडावर ठेवा आणि मागे सरा. ते पत्र उरीयाच्याच हाती देतो. आपल्या मरणाचा हुकूम तो स्वतः वाहून नेतो.

त्यानंतर मूल जन्माला येईपर्यंत शांतता. या महिन्यांकडे लक्ष द्या. राज्य चाललं असेल, अर्पणंही चालली असतील. स्तोत्र ३२ मध्ये गप्प राहिलेल्या माणसाची हाडं झिजत जातात; त्याच काळाचं ते वर्णन असावं असं मला नेहमी वाटतं.

नाथान आल्यावर थेट आरोप करत नाही. एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो, त्याच्या ताटातलं खाणारी, त्याच्या कुशीत झोपणारी मेंढी. श्रीमंत शेजारी पाहुण्यासाठी तीच कापतो. दावीद संतापून म्हणतो, हा मेलाच पाहिजे. मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच. भंगणं या शिकवणीत सुरू होतं ते इथे: दुसऱ्याबद्दल दिलेला निकाल स्वतःवर येऊन पडतो तेव्हा.

आता स्तोत्र वाचा. चौथ्या वचनात दावीद म्हणतो, तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्धच मी पाप केलं. इथे तुम्ही अडखळलात तर बरंच झालं, मीही दर वेळी अडखळते. उरीयाचं काय? बथशेबेचं काय? माझं उत्तर असं: माणसावरचा अन्याय हा देवावरचाच अन्याय आहे, आणि त्याचा निवाडा शेवटी देवापुढेच व्हायचा आहे, एवढंच ते वचन सांगतं. 'देवाशी मिटवलं, आता माणसांशी देणंघेणं नाही' अशी पळवाट ज्याला त्यातून काढायची असेल, त्यानं नाथानाची गोष्ट पुन्हा वाचावी. देवानं दाविदासमोर पहिल्यांदा ठेवली ती मेंढी गेलेल्या गरिबाची तक्रारच.

तिसरी पायरी: नाव घेऊन सांगा

उजव्या रकान्यातली एक गोष्ट निवडा. एकच. 'मी पापी आहे' हे म्हणायला सोपं, कारण त्यात काहीच सांगितलेलं नसतं. 'मी आईच्या आजारपणाचा खर्च भावाला वाढवून सांगितला', हे सांगायला घसा दाटतो. दाटतो तिथेच प्रार्थना सुरू झाली असं समजा.

शब्द सुचत नसतील तर स्तोत्राचे वापरा. दुसऱ्या वचनात 'मला धू' आहे, आणि तिथलं हिब्रू क्रियापद कपडे धुण्याचं आहे. त्या काळी कपडे तुडवून, बडवून धूत. नदीकाठी धुणं आपटताना ज्यांनी पाहिलंय त्यांना दावीद काय मागतोय ते लगेच कळेल: वरवर ओला हात फिरवू नकोस, मळ निघेपर्यंत धू. सातव्या वचनातला एजोब म्हणजे एक झुडूप. लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात महारोगातून बरा झालेल्याच्या शुद्धीकरणाला त्याची जुडी लागते. म्हणजे राजा स्वतःला वस्तीबाहेर काढलेल्या रोग्याच्या जागी उभा करतो आहे.

मग दहावं वचन: माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर. 'उत्पन्न कर' याला हिब्रूत 'बारा' हे क्रियापद आहे, उत्पत्तीच्या पहिल्याच वचनात देवानं आकाश व पृथ्वी उत्पन्न केली तेच. या अर्थानं शास्त्रात ते केवळ देवाच्याच कामासाठी येतं. दावीद जुन्या हृदयाची डागडुजी मागत नाही. इथून पुढचं काम माझ्या हातचं नाही, हे त्यानं ओळखलं आहे. ख्रिस्ती शिकवणीत भग्नता आणि रूपांतर एकमेकांना चिकटलेली आहेत ती या वचनात.

रडू आलं पाहिजे का? आलं तर येऊ द्या. नाही आलं तरी प्रार्थना खरीच असते. उपासनेत शेजारची बाई हुंदके देत असते आणि आपले डोळे कोरडे, याचा नवख्यांना फार न्यूनगंड येतो. दावीद रडला की नाही हे स्तोत्र सांगतही नाही.

चौथी पायरी: एका माणसासमोर

याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, एकमेकांजवळ पापं कबूल करा असं सांगितलं आहे. कॅथलिकांकडे यासाठी संस्कार आहे, आणि धर्मगुरूला तिथे ऐकलेलं कोणालाही सांगता येत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तशी ठरलेली व्यवस्था बहुधा नसते, म्हणून माणूस निवडावा लागतो. वयानं मोठा, आपल्याहून आधी चाललेला, आणि मुख्य म्हणजे तोंडाचा घट्ट. जो तुमच्याजवळ दुसऱ्याची गुपितं 'प्रार्थनेसाठी' म्हणून सांगतो, तो तुमचीही सांगेल. स्त्रियांनी शक्यतो स्त्रीकडेच जावं.

कोणाकडे जायचं यावर किती अवलंबून असतं, ते मत्तयाच्या सव्विसाव्या-सत्ताविसाव्या अध्यायांत दिसतं. येशूला धरतात त्या एकाच रात्री त्याचे दोघे शिष्य मोडतात. पेत्र तीनदा म्हणतो, मी येशूला ओळखत नाही; कोंबडा आरवतो; बाहेर जाऊन तो मोठ्यानं रडतो. यहूदालाही पस्तावा होतो. येशूला धरून देण्यासाठी घेतलेले तीस रुपये तो परत नेतो, आणि त्याची कबुली अगदी स्पष्ट आहे: निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं. पण तो जातो त्याच याजकांकडे, ज्यांनी त्याला विकत घेतलं होतं. ते म्हणतात, आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. हे वाक्य ऐकून तो एकटा बाहेर पडतो आणि गळफास घेतो.

पेत्र इतरांसोबत राहतो. योहानच्या एकविसाव्या अध्यायात तो मासे धरायला जातो तोही सहा जणांसोबत. पहाटे किनाऱ्यावर येशूनं कोळशांचा विस्तव केलेला असतो, त्यावर मासे. कोळशांच्या विस्तवाला ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तो नव्या करारात दोनच वेळा येतो: एकदा इथे, आणि एकदा अठराव्या अध्यायात, जिथे पेत्र शेकत उभा राहून येशूला नाकारतो. त्याला पुन्हा तसल्याच विस्तवाशी बसवलं जातं. आधी जेवण. मग तीनदा प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि तिन्ही वेळा हाती काम: माझ्या मेंढरांना चार. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, सातव्या अध्यायात, प्रेषित पौल दोन दुःखांत फरक करतो: देवाच्या इच्छेनुसारचं दुःख तारणाकडे नेतं, जगाचं दुःख मरणाकडे. मला तो फरक पेत्राच्या ओल्या कपड्यांत दिसतो. येशू दिसल्याबरोबर तो पाण्यात उडी टाकून त्याच्याकडेच निघाला होता.

पाचवी पायरी: परत करा

इथे बहुतेकजण थांबतात. मीही थांबले होते, सात वर्षं.

आई गेल्यावर तिच्या दोन पाटल्या माझ्याकडे राहिल्या. थोरल्या ताईला मी सांगितलं की आईनं त्या मला दिल्या होत्या. आईनं तसं काही म्हटलं नव्हतं. ताईनं वाद घातला नाही. फक्त येणं-जाणं कमी केलं. मी दर आठवड्याला चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घेत होते, नव्यांना क्षमेवर शिकवत होते. मग एका रविवारी उपदेशात मत्तयाचा पाचवा अध्याय आला: वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. त्या दिवशी मी भाकरीला हात लावू शकले नाही. दुसऱ्या दिवशीची एसटी धरली. ताईसमोर दोन्ही पाटल्या ठेवल्या आणि खोटं बोलले होते ते सांगितलं. तिनं चहा ठेवला. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मला ठाऊक होतं गं." एक पाटली तिनं माझ्या हातात परत घातली. ती घातली नसती तरी मला निघताना रिकाम्या हातानंच जायचं होतं.

परत करताना जक्कय या जकातदाराचं उदाहरण समोर ठेवा, लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातलं. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. रक्कम, वस्तू, खोटं बोलून बिघडवलेलं नाव, जे असेल ते. ज्यांचं देणं आहे ते वारले असतील तर वारसांना द्या. समोरचा क्षमा करीलच असं धरू नका. क्षमा मागणं तुमच्याकडे, देणं न देणं त्याच्याकडे. आणि तुमच्या भेटीनं समोरच्याची जखम उघडी पडणार असेल, तुम्ही दिसणंच त्याला नको असेल, तर दारात जाऊन उभे राहू नका. आधी चौथ्या पायरीवरच्या माणसाचा सल्ला घ्या.

सहावी पायरी: रोजचं, आणि लांबचं

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातलं दुसरं वचन पाठ करा: मनाच्या नवीकरणानं रूपांतर होऊ द्या. मूळ ग्रीक क्रियापद डोंगरावर येशूचं रूप पालटलं त्या प्रसंगातलंच आहे. ते कर्मणी आहे आणि चालू काळातलं: हे तुमच्यावर होत राहणारं काम आहे, आणि तुम्ही ते होऊ देत राहायचं आहे.

तुमच्याकडचा भाग साधा. सकाळी पंधरा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत, एक स्तोत्र. रात्री दिवसाकडे एकदा मागे वळून पाहणं: आज कुठे लपलो? रविवारची उपासना चुकवू नका, कंटाळा आला तरी.

यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातल्या कुंभाराचाही इथे उपयोग होतो. देव मडकं फोडून नवं करतो असं भाषणांतून ऐकायला मिळतं. मजकूर नीट वाचा. चाकावर ओली माती कुंभाराच्या हातात बिघडते, आणि तो त्याच मातीचं दुसरं भांडं घडवतो. हातोडा कुठेच नाही. भाजलेलं मडकं फुटतं ते पुढच्या, एकोणिसाव्या अध्यायात, अजिबात न ऐकणाऱ्या शहरासाठी. रोजची प्रार्थना म्हणजे माती ओली ठेवणं.

वेळ किती लागतो? पंडिता रमाबाईंकडे बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. आणि इतकं सगळं झाल्यावर, बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी, त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला आहे, खुद्द ख्रिस्त नाही. १९०७ मध्ये दिलेल्या आपल्या साक्षीत हे त्यांनी मोकळेपणानं लिहिलं आहे. संस्कृत शास्त्रांत पारंगत, देशभर नाव झालेली बाई हे लिहिते. तीन महिन्यांत काही बदललं नाही म्हणून निराश होणाऱ्यांना मी हे आठ वर्षांचं अंतर दाखवते. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी जागृती झाली, मुली पापांची कबुली देत रडल्या, हे लोक आवडीनं सांगतात. तिथेच दुष्काळातून आणलेल्या मुलींचं शिक्षण, शेती, विणकाम, छापखाना हेही दिवसेंदिवस चाललं होतं, ते सांगायला विसरतात.

पुन्हा पडाल तेव्हा? पेत्रही पडला. गलतीकरांच्या दुसऱ्या अध्यायात, अंत्युखियात, माणसांच्या भीतीनं तो यहूदी नसलेल्या बांधवांसोबत जेवायचं सोडतो, आणि पौलाला त्याला सगळ्यांसमोर बोलावं लागतं. कोळशांच्या विस्तवानंतर, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या पन्नासाव्या दिवसाच्या सणानंतर, इतक्या वर्षांनी, आणि पुन्हा भीतीपोटीच. त्याला मंडळीतून कोणी काढलं नाही. पडलात तर तिसऱ्या पायरीवर परत या.

आणि मग बाहेर

स्तोत्र ५१ सतराव्या वचनाला संपतं असं बऱ्याच जणांना वाटतं, कारण गाण्यांत तेवढंच येतं. अठरावं वाचा. दावीद एकदम स्वतःबद्दल बोलायचं थांबतो आणि यरुशलेमचे कोट, म्हणजे शहराचे तट, बांध म्हणून मागतो. त्याआधी, तेराव्या वचनात, तो इतर अपराध्यांना देवाचा मार्ग शिकवीन म्हणतो. आपल्या वस्तीत मोडलेला कोट कोणता, ते बघायची वेळ ही. माझ्या शनिवारच्या गटातला एकजण पूर्वी दारू पीत असे. तो आता गुरुवारी संध्याकाळी व्यसनमुक्तीच्या बैठकीला खुर्च्या मांडायला जातो. बोलत नाही फारसा. खुर्च्या मांडतो, शेवटी उचलतो, आणि नव्यानं आलेला कोणी दारातच घुटमळत असेल तर त्याच्याजवळ जाऊन उभा राहतो.